कालाफीच्या पायाचा फोटो

नुकुलेई, हापाई, टोंगा
१४ सप्टेंबर

चि. मानासे,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. कोनफळं लावून झाली, चर्चच्या छपराला नवा रंग लागला, आणि मावशीचा खोकला तू दिलेल्या औषधाने थांबला. तुला कळवायला तिने दोनदा बजावलंय. ऑकलंडची थंडी ओसरत आली असेल. मुलींना माझे मुके दे.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं नसतं आलं. भावाबहिणीने एकमेकांसमोर काय बोलू नये हे आईने आपल्याला शिकवलं, आणि मी ते पन्नाशी ओलांडेपर्यंत पाळलं. तुझ्यासमोर मी कधी कुणाच्या उघड्या अंगाचा, जखमेचा विषय काढला नाही. तू डॉक्टर झालास, मी नर्स झाले, तरी आपण भेटलो की हवापाण्याचंच बोलतो. म्हणून हे पत्र. वावाउ बेटावरच्या नर्स पिसिलाची जाऊ शुक्रवारी ऑकलंडला निघाली आहे, तिच्या हाती देते.

मेट्रन तोआकासेबाईंची चिठ्ठी परवाच्या बोटीने आली. नुकुआलोफाच्या मधुमेह परिषदेत मी जे बोलले त्याबद्दल मी तुझी लेखी माफी मागायची आहे. मजकूर त्यांनीच तयार करून पाठवलाय, मी फक्त खाली सही करायची. ‘भावनेच्या भरात माझ्याकडून मान्यवर वक्त्यांचा अवमान झाला’ असं त्यात आहे. सही केली नाही तर नोव्हेंबरात चौकशी.

मी सही करणार नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

आधी एक सांगते. तुझं व्याख्यान मला मनापासून आवडलं होतं. चौदा पानं टिपणं काढली मी. दंडाला चिकटवायची ती चकती, सुई न टोचता साखर सांगणारी; आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन; मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही सांभाळणाऱ्या गोळ्या. तू बोलत होतास आणि माझ्या मागे बसलेली वावाउची पिसिला कानाशी येऊन म्हणाली, “फुसी, तुझा भाऊ असा बोलतो की साखर ऐकूनच पळून जावी.” मला काय वाटलं असेल ते मी लिहीत नाही. शाळेच्या मागे बसून तुला इंग्रजी अक्षरं मीच गिरवायला लावली होती.

पण मानासे, त्या सभागृहात चाळीस नर्सेस होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या दवाखान्यात फ्रीज रात्री बंद पडतो. तुझ्या सगळ्या बोलण्यातलं आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी करता येईल असं काय होतं? दर खेपेला पेशंटचे मोजे-चपला काढायला लावणं, तळव्यावर दहा जागी नायलॉनच्या दोऱ्याने स्पर्श तपासणं, जखमेवरचा भार काढणं, लघवीची साधी तपासणी, आणि आमच्या कपाटात आधीच पडून असलेल्या रक्तदाबाच्या गोळीने मूत्रपिंडही वाचतं ही गोष्ट. ते सगळं तू जेवणाची घंटा होता होता, शेवटच्या दोन मिनिटांत उरकलंस. आणि इंग्रजीत. निऊआहून आलेली म्हातारी नर्स तीन दिवस बोटीत काढून आली होती. ती मान डोलवत होती, लिहीत नव्हती.

मग तू तो फोटो लावलास.

मी आधी पाय ओळखला नाही. आधी मी माझ्या हाताचा अंगठा ओळखला. टाच धरलेला, नखावर आडवी चीर असलेला. मग चटई ओळखली, आईने विणलेली. आणि तू म्हणालास, “या पायाकडे बघा. हा माणूस कित्येक महिने दवाखान्याची पायरी चढला नाही. औषध कितीही चांगलं निघो, पेशंट बेफिकीर असेल तर त्याचा शेवट हा असा.”

त्याचं नाव कालाफी. तू गेल्यावर तो इथे सासुरवाडीला येऊन राहिला, म्हणून तुला माहीत नाही. बोटी बांधतो. दर मंगळवारी आणि गुरुवारी तोच मला शेजारच्या बेटांवर पेशंट बघायला घेऊन जातो. मुलीने सिडनीहून पाठवलेले नवे बूट चर्चच्या वर्धापनदिनाला घातले, साखरेमुळे पायाला संवेदना नाही, दिवसभर बोटाखाली घासत राहिले ते कळलं नाही. घरी येऊन बूट काढला तेव्हा मोज्याला रक्त दिसलं. त्याच संध्याकाळी, त्याच कोटात, तो माझ्या दारात आला. कित्येक महिने नाही. दोन तास.

म्हणून मी उभी राहिले. मी म्हणाले, “डॉक्टर, हा पाय नुकुलेईचा आहे. हा माणूस पहिल्याच दिवशी आला होता. उशीर त्याने केला नाही. हवा खराब होती, बोट निघत नव्हती, आणि ज्यांना मी फोटो पाठवून सल्ला विचारला त्यांचं उत्तर आलं नाही.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “कुणाला विचारलं होतं?”

मी तुझ्याकडे बघितलं. नाव घेतलं नाही. आपण भाऊबहीण आहोत हे त्या सभागृहात प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकाने मान खाली घातली. तू पाणी प्यायलास आणि म्हणालास, “पुढचं चित्र.”

चहाला माझ्या टेबलावर फक्त पिसिला येऊन बसली. तोआकासेबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, “फुसी, ते पाहुणे आहेत.”

“तो माझा भाऊ आहे, बाई.”

“म्हणूनच तर.”

आपल्याकडे बहिणीचा मान भावापेक्षा वरचा, असं आपण लग्नात आणि मयताला मिरवतो. चटया आधी मला मिळतात, पहिलं ताट माझ्यापुढे येतं. मग तो मान सभागृहाच्या दाराबाहेर काढून ठेवायचा असतो का?

परत आल्यावर मी कालाफीला सगळं सांगितलं. तो रंधा मारत होता. आधी हसला. म्हणाला, “मी अजून ऑकलंड बघितलं नाही, आणि माझा पाय जाऊन आला.” मग त्याने विचारलं, “खाली नाव होतं का माझं?”

“नाही.”

“मग तो माझा पाय आहे हे लोकांना कळणार कसं?”

याचं उत्तर मी तुलाच विचारते. तुला सुचलं तर कळव. माफी कुणाला मागायचीच असेल तर तू त्याची माग.

तुझी थोरली बहीण,
फुसी


नुकुलेई
९ नोव्हेंबर

चि. मानासे,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलंस, टोंगनमध्ये लिहिलंस, दोन जागी स्पेलिंग चुकलास. बरं वाटलं.

तुझ्या पत्रात तीन गोष्टी आहेत. पहिली, त्या दिवसांत तुला रोज शेकड्याने निरोप येत होते. ते मी मानते. दुसरी, मी पाठवलेला फोटो तू पाहिलास, ‘फार स्पष्ट आला होता म्हणून ठेवून दिला’, आणि वर्षभराने तो कुठून आला हे विसरून गेलास. हे वाक्य मी मावशीला वाचून दाखवलं नाही. तिसरी, मी निदान सौम्य शब्दांत काहीतरी लिहून द्यावं, म्हणजे माझी नोकरी राहील आणि तुझी काळजी मिटेल.

तिसरीचं उत्तर द्यायच्या आधी मला काही सांगायचंय. गेल्या पत्रात मी ते सांगितलं नाही, आणि सभागृहात तर मी त्याच्या उलट बोलले.

हवा खराब नव्हती.

गेल्या वर्षीच्या जूनचे ते अकरा दिवस समुद्र तळहातासारखा सपाट होता. कालाफीची स्वतःची बोट माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर नांगरलेली होती. पहिल्या संध्याकाळी मी जखम धुतली, खोली बघायला आत सळई घातली, आणि ती हाडाला टेकली. तो आवाज तुला माहीत आहे, कपाला चमचा लागावा तसा. पुस्तकात काय लिहिलंय तेही मला पाठ आहे: हाड लागलं की मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. मी पाठवलं नाही. मी तुला फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘हे बघशील का?’ भावाला पायाबद्दल याहून जास्त कसं लिहायचं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी पुन्हा. तू बघितलंस हे फोनवर दिसत होतं. म्हणून मी थांबले. रोज धुतलं, रोज पट्टी बदलली, माझ्याकडच्या गोळ्या दिल्या, आणि तुझ्या उत्तराची वाट पाहिली.

का, ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी मी एका बाईला पायाच्या फोडासाठी बोटीने मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मला फोनवर, पेशंटच्या देखत, विचारलं होतं, “फोडासाठी बोट? तुम्हाला तिथे कशाला ठेवलंय?” ते मला लागलं होतं. मला एखाद्या मोठ्या माणसाचा शब्द हाताशी हवा होता. माझ्या सळईने मला खरं सांगितलं होतं, पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

अकराव्या दिवशी पहाटे कालाफीला हुडहुडी भरली. त्याची बायको लावेनिया सुकाणूवर बसली, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. उत्तर न देणारा तू होतास. वाट पाहणारी मी होते. दोघांनी मिळून तो पाय घालवला, आणि परिषदेत आपण दोघांनीही दुसऱ्याच कुणावर ढकलला. तू कालाफीवर, मी हवेवर.

चौकशीला जायच्या आधी हे त्याला सांगणं भाग होतं. एका दुपारी मी गेले. दोघं नारळ सोलत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, बसले असते तर अर्धंच सांगून झालं असतं. लावेनियाने विचारलं, “म्हणजे त्या दिवशीच निघालो असतो, तर पाय राहिला असता?”

“बहुतेक राहिला असता.”

ती उठली आणि घरात गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. चर्चमध्ये मी पुढच्या बाकावर बसले की ती मागे जाते. तिने जावं. मी बोलायला जाणार नाही आणि रडायलाही जाणार नाही. तिचा राग खरा आहे आणि तो ती हवा तेवढा ठेवील.

पुढचा मंगळवार आला तेव्हा मला वाटलं बोट येणार नाही. मी पेटी घेऊन धक्क्यावर गेले, तर हा कुबड्या आडव्या टाकून इंजिनापाशी बसलेला.

मी म्हणाले, “कालाफी, आज नको असेल तर राहू दे.”

“पलीकडच्या बेटावरच्या लोकांनी काय केलंय?” तो म्हणाला. “चढा, बाई. ओहोटी लागलीय.”

अर्ध्या वाटेत तो आपण होऊन बोलला. “मला तुमचा राग आला होता. अजून आहे. पण सभेत उभं राहून ‘हा बेफिकीर नव्हता’ म्हणणाऱ्याही तुम्हीच होतात. आता चौकशीत दुसरं अर्धं पण सांगा, म्हणजे माझा हिशेब माझ्यापुरता पुरा होईल.”

चौकशी गेल्या गुरुवारी झाली. मी आईची जुनी चटई कमरेला गुंडाळून गेले, मयताला आणि राजापुढे जाताना गुंडाळतो तशी. टेबलामागे तोआकासेबाई, एक डॉक्टर आणि एक कारकून. बाईंनी तोच कागद पुढे सरकवला. “सही केलीस का?”

“नाही. पण मी दुसरा कागद आणलाय. तो वाचते.”

आणि मी अकरा दिवस वाचून दाखवले. तारखेसकट. सपाट समुद्रासकट. सभागृहात मी हवेबद्दल खोटं बोलले, त्याबद्दल माझी माफी आहे आणि ती कालाफीला आहे, असं लिहिलं होतं. तुझ्याबद्दल एवढंच: फोटो पेशंटला न विचारता दाखवला गेला आणि त्याखाली सांगितलेली गोष्ट खोटी होती, हे मी बोलले ते बरोबर बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

डॉक्टर म्हणाले, “हे लिहून दिलंत तर कारवाई तुमच्यावरच होईल. कळतंय ना?”

“कळतंय. म्हणून खाली सही केली आहे.”

कारवाई झाली. माझ्या फाइलीत लेखी ताकीद गेली. दोन वर्षं मला कुठल्याही परिषदेला किंवा प्रशिक्षणाला पाठवणार नाहीत. आणि दवाखान्याच्या फोनवर चालणारा आमचा बुधवारचा वर्ग बंद करायचा हुकूम निघाला.

तो वर्ग तुला माहीत नाही. परिषदेहून परतल्यावर मी ती चौदा पानं टोंगनमध्ये उतरवली. दर बुधवारी दुपारी दोन वाजता पिसिला, निऊआची म्हातारी नर्स आणि आणखी सहाजणी फोनवर एकत्र येतो. मी तुझं व्याख्यान तुकड्या-तुकड्याने वाचते. आम्ही त्यावर भांडतो. ती चकती आमच्याकडे यायला किती वर्षं लागतील त्यावर पैजा लागतात. पण जे काही येईल ते कसं वापरायचं हे आम्हाला आधीच माहीत असेल. कुणी नव्या सामानाची पेटी उघडून आम्हाला पुन्हा पहिलीत बसवणार नाही. आणि दर खेपेला शेवटी एकीने मोठ्याने म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं: हाड लागलं की विचारायचं नाही, पाठवायचं.

ऑक्टोबरात पिसिलाकडे एक शाळामास्तरीण आली. टाचेला खिळा लागलेला, सळई हाडाला टेकली. पिसिलाने कुणालाही फोन केला नाही. त्याच दुपारच्या विमानात बसवलं. मोठ्या दवाखान्यातून तिलाही तोच प्रश्न आला, एवढ्यासाठी कशाला पाठवलं म्हणून. पिसिला म्हणाली, “तुम्ही आधी जखम बघा, मग मला ओरडा.” पंधरा दिवसांनी मास्तरीण स्वतःच्या दोन पायांवर वर्गात उभी राहिली. ओरडायला मग कुणाचा फोन आला नाही.

चौकशीनंतर तोआकासेबाई मला व्हरांड्यात भेटल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “अकरा दिवस तू भावाला विचारत बसलीस. मला का नाही विचारलंस?”

मी म्हणाले, “तुम्ही म्हणाला असतात, डॉक्टरांना विचार.”

“हो,” त्या म्हणाल्या. “असंच म्हणाले असते.” आणि आत गेल्या. वर्गाचा हुकूम त्यांनी मागे घेतला नाही, आणि मी वर्ग बंद केला नाही. हुकूम दवाखान्याच्या फोनबद्दल आहे. मी माझा वापरते. परवा एकूण अकराजणी होतो. पुढे मला काढलं तर काढतील. मला शिकवलेलं ते माझ्याकडून काढून घेऊ शकत नाहीत, आणि मी दुसरीला शिकवलेलं तर मुळीच नाही.

तेव्हा तुझ्या तिसऱ्या गोष्टीचं उत्तर: सौम्य शब्दांत मी काही लिहून दिलेलं नाही. आता तुझ्याबद्दल.

पुढच्या महिन्यात सिडनीला तू तेच व्याख्यान देणार आहेस, असं तुझ्या पत्रात आहे. तो फोटो काढून टाकतोस म्हणालास. काढू नकोस. मी कालाफीला विचारलं, तू विचारायला हवं होतंस ते. तो म्हणाला, “दाखवू दे. पण नाव घालून दाखवायचं. कालाफी, नुकुलेईचा, बोटी बांधणारा. त्याच दिवशी आला होता, हेही घालायचं. माझा पाय आहे, मला त्याची लाज नाही. ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटू दे.” फोटोखाली माझ्या तीन निरोपांच्या तारखा लिही. बोट निघाली तीही लिही. मधल्या दिवसांवर माझं नाव घाल, मी परवानगी देते. तुझं घालायचं की नाही ते तू ठरव; सभागृहात मी ते घेतलं नव्हतं, आणि पुढेही माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही.

आणि बुधवारी दुपारी दोनला फोनवर ये. शिकवायला मागाहून बोलावू. पहिले काही बुधवार नुसता ऐक. पायांबद्दल बोलणं चालतं तिथे, मोकळेपणाने, नावं घेऊन. तुला जड जाईल. मलाही जातं, तू ऐकत असशील या विचाराने तर जास्तच. तरी मी बोलणार आहे.

तू कधी उत्तर देशील याची वाट पाहून आता माझं कुठलंच काम थांबणार नाही.

नुकुलेईची नर्स,
आणि त्यानंतर तुझी बहीण,
फुसी